कॉम्प्टन (डॉ. ड्रे यांचा अल्बम)

'कॉम्प्टन' हा अमेरिकी रॅपर व संगीतनिर्माते डॉ. ड्रे यांचा तिसरा स्टुडिओ अल्बम असून तो ७ ऑगस्ट २०१५ रोजी प्रकाशित झाला. कॅलिफोर्नियातील ज्या शहराशी ड्रे यांची जडणघडण निगडित आहे, त्याचेच नाव अल्बमला दिले आहे. त्यांचा आधीचा अल्बम '२००१' हा १९९९ साली आला होता.

पार्श्वभूमी

मधल्या सोळा वर्षांत श्रोते वाट पाहत होते ती 'डिटॉक्स' या दुसऱ्याच अल्बमची. तो मनासारखा न उतरल्याने सोडून दिल्याचे ड्रे यांनी ऑगस्ट २०१५ च्या आरंभी सांगितले व त्याच वेळी 'कॉम्प्टन'ची घोषणा केली. एन.डब्ल्यू.ए. या त्यांच्या जुन्या गटावरील 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' या चित्रपटाच्या निर्मितीतून त्यास प्रेरणा मिळाली होती.

पहिले स्वागत

प्रथम ऐकताना जाणवते ती पाहुण्यांची गर्दी. सोळा ध्वनिखंडांत केंड्रिक लामार, एमिनेम, स्नूप डॉग, आइस क्यूब, एक्झिबिट, जिल स्कॉट असे अनेक कलाकार येतात. त्या मानाने अपरिचित असलेले अँडरसन पाक सहा गाण्यांत आहेत आणि अल्बममुळे त्यांचे नाव सर्वदूर पोहोचले. मग हा अल्बम ड्रे यांचा कसा, हा प्रश्न साहजिक आहे. रॅपमध्ये आपले शब्द आपणच लिहिणे प्रतिष्ठेचे मानतात; येथे तर ड्रे यांच्या तोंडचे शब्द रचण्यातही किंग मेझ, जस्टस आदी तरुणांचा हात होता. परंतु ड्रे यांची ख्याती मुख्यतः सूत्रधाराची आहे. कोणता आवाज कोठे आणावा, तालवाद्यांचा ठोका किती भरीव असावा आणि कोठे सारे थांबवावे, याचे निर्णय त्यांचे असतात. 'डीप वॉटर'मध्ये बुडणाऱ्या माणसाची धडपड ऐकू येते, ती याच दृष्टीची साक्ष होय. पाहुण्यांविना असलेले अखेरचे 'टॉकिंग टू माय डायरी' हे गाणे जुन्या सोबत्यांच्या आठवणींचे असून त्याचा शेवट ट्रम्पेटच्या एकल वादनाने होतो.

समीक्षकांनी अल्बमची बहुतांशी प्रशंसा केली. तथापि 'लूज कॅनन्स' या गाण्याच्या अखेरीस स्त्रीच्या हत्येचा नाट्यप्रसंग आहे, त्यावर टीका झाली. ही टीका केवळ अभिरुचीची नव्हती. १९९१ मध्ये ड्रे यांनी पत्रकार डी बार्न्स यांना मारहाण केली होती, आणि चित्रपटात त्या घटनेचा उल्लेखही नाही, याकडे बार्न्स यांनी लेख लिहून लक्ष वेधले. त्याच महिन्यात ड्रे यांनी आपण दुखावलेल्या स्त्रियांची जाहीर क्षमा मागितली. कोणत्याही स्त्रीचे नाव मात्र त्यांनी घेतले नाही.

अल्बम अमेरिकेतील बिलबोर्ड २०० यादीत दुसऱ्या, तर ब्रिटनमध्ये पहिल्या स्थानी पोहोचला. त्यास सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमसाठी ग्रॅमी नामांकनही मिळाले. आपले मानधन कॉम्प्टनमधील कलाकेंद्रासाठी देण्याचे ड्रे यांनी जाहीर केले होते.