उष्णोदकाचा निचरा आणि ट्रॅपविषयीचे काही गैरसमज

लंडनमध्ये व्यवसाय करणाऱ्या अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली शौचकूपाचे पेटंट घेताना नळीला जे नागमोडी वाकण दिले, त्या वाकणात साचलेल्या पाण्याने गटाराची दुर्गंधी अडविण्याची युक्ती पुढे इतकी सार्वत्रिक झाली, की ट्रॅप म्हटला म्हणजे त्यात पाणी असावयाचेच, अशी सर्वांची, आणि क्वचित प्लंबरांचीही, समजूत होऊन बसली. हात धुण्याच्या बेसिनपुरती ती यथार्थ आहे. परंतु ब्रिटनमधील घरांत उष्णोदकाच्या ज्या बंदिस्त, दाबाखालील टाक्या असतात, त्यांच्या सुरक्षा-झडपेच्या नळीस हाच न्याय लावणे चुकीचे ठरते.

या टाकीतील पाणी सामान्यतः ६० ते ६५ अंश सेल्सियसवर राखलेले असते. थर्मोस्टॅट बिघडला आणि त्यामागचा आपोआप पूर्ववत न होणारा कट-आउटही निकामी ठरला, तरच ९० ते ९५ अंशांच्या सुमारास झडप उघडून कढत पाणी बाहेर सोडते. हे पाणी प्रथम ‘टंडिश’ नावाच्या उघड्या नरसाळ्यात, सर्वांच्या दृष्टीस पडेल असे, उतरते आणि तेथून किमान एक माप मोठ्या नळीने, निदान ३०० मिलिमीटर सरळ खाली येऊन, पुढे जाते. ही नळी मैल्याच्या उभ्या नळास जोडावयाची झाल्यास मध्ये बाजारातला साधा पाण्याचा ट्रॅप बसवून मोकळे व्हावे, असे कित्येकांस वाटते. पण झडप वर्षानुवर्षे उघडतच नाही आणि ट्रॅपमधील पाणी तिकडच्या हवामानात आठवड्याला सुमारे २.५ मिलिमीटर आटते, असे मानण्याचा प्रघात आहे. म्हणजे ५० मिलिमीटरचा पाण्याचा पडदा पाच महिन्यांच्या आत नाहीसा व्हावयाचा. मग गटारातील वायू टंडिशच्या उघड्या तोंडातून नेमका त्या कपाटात शिरतो, जेथे टाकीच्या उबेला घरातले पंचे आणि चादरी रचून ठेवलेल्या असतात! म्हणूनच इंग्लंडच्या इमारत-नियमांच्या ‘जी’ या मार्गदर्शक दस्तऐवजात पाणी न साठविणाऱ्या यांत्रिक अटकावाची, म्हणजे कोरड्या ट्रॅपची, तजवीज केलेली आहे. आणि त्या नळीस बेसिन वा न्हाणीघर जोडण्याची मुभा नाही, इतकेच नव्हे तर तसा इशारा नळीवर सलग छापलेला असावा लागतो.

‘स्वयंपाकघरातील मोरीचे गरम पाणी प्लास्टिकची नळी रोज सोसते, मग हे का सोसणार नाही?’ हा दुसरा युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसतो. वस्तुतः मोरीचे पाणी थोडा वेळ आणि बहुधा थंडाशी मिसळून येते, तर झडपेचे पाणी उकळीच्या उंबरठ्यावर असते व दोष दूर होईतो वाहू शकते. आणि साधे पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. सबब तेथे तांबे, अथवा प्लास्टिकच हवे असेल तर पॉलिब्युटिलीन, क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीन किंवा सीपीव्हीसी घ्यावे. कोरडा ट्रॅप घेतानाही त्यातील लवचिक पडदा किती तापमानापर्यंत टिकतो, याचा निर्मात्याचा दाखला पाहूनच तो घ्यावा.

बॉयलरच्या बाबतीत मात्र प्रकरण उलट आहे. २००५पासून इंग्लंडमध्ये नव्या गॅस बॉयलरांपैकी बहुतेक सर्व कंडेन्सिंग पद्धतीचे असणे आवश्यक झाले. धुरातील वाफ निवून त्यांतून जे पाणी सतत ठिबकते ते उष्ण नसते, पण आंबट ताकाहूनही किंचित अधिक आम्ल असते. त्यामुळे सुरक्षा-झडपेस योग्य असलेले तांबेच येथे वर्ज्य ठरते आणि साधे प्लास्टिक उत्तम चालते. येथील ट्रॅपमध्ये पाणी हवेच, कारण तो गटाराची दुर्गंधी अडविण्यापूर्वी बॉयलरचा धूर, आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड, घरात येऊ नये याचा बंदोबस्त करतो. ‘चालू केला की आपोआप भरेल’ म्हणून तो रिकामा ठेवणारा कारागीर पहिल्या दिवशीच धोका पत्करतो. बॉयलर पेटविण्यापूर्वी ट्रॅप हाताने भरणे हे त्याचे कर्तव्य होय. सुरक्षा-झडपेची आणि बॉयलरची अशा या दोन नळ्या एकत्र करून एकाच ट्रॅपमध्ये सोडण्याचा मोह काटकसरीचा वाटला तरी सर्वथा त्याज्य समजावा.

आपल्याकडील गीझरची गोष्ट साधी आहे. १५ अंशांचे पाणी ६० अंशांवर नेले की त्याचे आकारमान सुमारे १.६ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे २५ लिटरच्या टाकीतून पाणी तापताना थोडे पाणी झडपेवाटे ठिबकले, तर ती गळती नसून झडपेचे नित्याचे काम असू शकते, आणि ते तोंड बुच लावून बंद करणे हा शुद्ध अविचार होय. तापवणे थांबल्यावरही ठिबक चालूच राहिली, तर मात्र झडप तपासून घ्यावी. तिची नळी न्हाणीच्या जाळीवर, थोडे अंतर राखून, पण अंगावर कढत पाणी उडणार नाही अशा बेताने, उघडी सोडली तर वेगळ्या ट्रॅपची गरजच उरत नाही. कारण न्हाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधील पाण्याचा पडदा रोजच्या आंघोळीने भरलेला राहतो.