लॅपटॉप चार्ज होईना? आधी हे तपासा!

मिक्सर बंद पडला तर आपण लगेच दुकान गाठत नाही. प्लग नीट बसलाय का ते बघतो, भांडं फिरवून पाहतो, बुडाशी असलेलं लाल बटण दाबतो. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे! चार्जिंगचा दिवा लागला नाही की ‘अगंबाई, बिघडला वाटतं’ म्हणत आपण हात टेकतो आणि दुकानदार सांगेल ते खरं मानतो.

२०२० च्या लॉकडाऊनपासून छोट्या गावांतल्या कितीतरी घरांत लॅपटॉप आला. मुलांचा अभ्यास, शिवणकामाची बिलं, बचत गटाचे हिशोब आता त्यावरच असतात. आमच्या भागातल्या एका गटाचा लॅपटॉप ऐन बँकेत कागद द्यायच्या आठवड्यात चार्ज होईना. दुकानदाराने तो न उघडताच ‘मदरबोर्ड गेलाय, सहा हजार लागतील’ असं सांगितलं. शंभर रुपयांच्या हिशोबाने ही दहा जणींची सहा महिन्यांची बचत! गटाची सचिव रडवेली होऊन माझ्याकडे आली. आम्ही दोघींनी एकेक गोष्ट तपासली, तर दोष निघाला फक्त भिंतीकडच्या वायरमध्ये. शेजारच्या ताईंची तशीच वायर लावली आणि दिवा लागला.

म्हणून मैत्रिणींनो, तपासण्याचा क्रम लक्षात ठेवा.

पहिला नंबर बोर्डाचा. त्याच पॉइंटला मोबाइलचा चार्जर लावून पाहा. एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो काढून थेट भिंतीला लावा. मग वायर. बहुतेक अडॅप्टरची भिंतीकडची वायर सुटी निघते. ती दोन्ही टोकांना घट्ट बसवा, तशीच दुसरी मिळाली तर बदलून पाहा. त्यानंतर अडॅप्टर. त्यावर दिवा असेल तर तो लागतोय का? जळका वास येतोय का? पिनेजवळ वायर पिचली आहे का? पिन हलवल्यावरच चार्जिंग होत असेल तर वायर आतून तुटली आहे, नाहीतर लॅपटॉपचं पिन बसायचं भोक सैल झालंय. अशी हलवाहलवी करून दिवस काढू नका, तिथे ठिणगी उडू शकते.

सगळं ठीक असूनही चार्जिंग होत नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा. अडॅप्टर काढा, बॅटरी सुटी निघणारी असेल तर तीही काढा. चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग पुन्हा जोडा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. आणखी एक गंमत. चार्जिंग साठ किंवा ऐंशी टक्क्यांवरच थांबत असेल तर तो बिघाड असेलच असं नाही. बॅटरी जास्त टिकावी म्हणून अनेक लॅपटॉपमध्ये तशी सोय असते, ती सेटिंगमध्ये बदलता येते. अडॅप्टर काढताच लॅपटॉप बंद पडत असेल तर मात्र बहुधा बॅटरीच थकलेली असते.

आता नवा अडॅप्टर घ्यायचाच झाला, तर ‘पिन बसते ना, मग चालेल’ हे ऐकू नका. जुन्या अडॅप्टरच्या लेबलवर ‘आउटपुट’पुढे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १९.५ व्होल्ट आणि ३.३३ अँपिअर. व्होल्ट म्हणजे नळाच्या पाण्याचा दाब समजा. तो आकडा तोच हवा. जास्त व्होल्टचा अडॅप्टर लॅपटॉप जाळू शकतो. अँपिअर तेवढे किंवा थोडे जास्त चालतात, कारण लॅपटॉप लागेल तेवढेच घेतो. कमी मात्र नकोत, नाहीतर अडॅप्टर तापतो. दोन्ही आकड्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. इथे तो सुमारे ६५ येतो. टाइप-सी पिनेचा लॅपटॉप असेल तर वॅटच बघा. मोबाइलचा छोटा चार्जर त्याला बहुधा पुरत नाही. काही कंपन्यांचे लॅपटॉप, उदाहरणार्थ डेलचे, अडॅप्टर ओळखता आला नाही तर चालू राहतात, पण बॅटरी भरत नाहीत. म्हणून मॉडेल नंबर सांगूनच खरेदी करा.

लेबलवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. ‘बीआयएस केअर’ या सरकारी अॅपवर तो क्रमांक टाकला की खरा-खोटा कळतो. पक्कं बिल घ्या आणि दुकानातच लॅपटॉपला लावून बघा.

दोन गोष्टी जिवाच्या. जुन्या घरात तीन पिनांचा पॉइंट नसला की काही जण प्लगची जाड पिन काढून टाकतात. तसं कधी करू नका. ती अर्थिंगची पिन आहे. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. आणि कीबोर्ड किंवा खालची बाजू फुगल्यासारखी दिसली तर ती बॅटरी आहे. चार्जिंग लगेच थांबवा, तिला दाबू-टोचू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

आज दुपारी कामं आटोपली की एवढं एक करा. आपल्या अडॅप्टरच्या लेबलचा आणि लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अक्षरं पुसली गेली तरी आकडे आपल्या हाताशी राहतील. आकडे माहीत असलेल्या बाईला दुकानात कोणी सहज फसवू शकत नाही, बरं का!