विद्यापीठाच्या गावात कलेचा आठवडा



गणपतीची आरती असो नाहीतर कुणाचं बारसं, टोरांटोकडची मंडळी भेटली की आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. "काय हो, वॉटर्लूला करमतं का तुम्हाला?" आमचं उत्तरही कित्येक वर्षं ठरलेलं होतं. "नोकऱ्या चांगल्या, शाळा चांगल्या, बाकी काही नाही बघा. गाणं-नाटक म्हटलं की ४०१ गाठायचा!" म्हणजे जायचे एकशेदहा किलोमीटर, यायचे तेवढेच, आणि त्यात बर्फ पडत असेल तर बोलायलाच नको.

हे उत्तर साफ चुकीचं होतं. ते आम्हाला उशिरा कळलं. नव्याने येणाऱ्या कुटुंबांना तरी लवकर कळावं, म्हणून हा लेखप्रपंच.

आमची कन्या व्हायोलिन शिकते. सप्टेंबर २०२३ मध्ये एक दिवस क्लासहून आली ती तोंड पाडूनच. "बाबा, सिम्फनी बंद पडली." किचनर-वॉटर्लू सिम्फनी हा इथला वाद्यवृंद १९४५ सालचा. हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर पैसे संपले, कार्यक्रम रद्द झाले आणि थोड्याच दिवसांत दिवाळखोरी जाहीर झाली. पन्नासहून जास्त वादकांची नोकरी गेली. आम्ही "अरेरे" म्हटलं. त्यावर कन्येने विचारलं, "आपण कधी गेलो होतो ऐकायला?"

उभयतांनी एकमेकांकडे पाहिलं. गाडीने पंधरा मिनिटांचं अंतर. गावात येऊन सात वर्षं झालेली. गेलो होतो किती वेळा? शून्य!

तेव्हा आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे आलेले होते. घरात एक ठराव पास झाला. येत्या नोव्हेंबरात एक आठवडा गावाबाहेर जायचं नाही आणि रोज गावातलंच काहीतरी बघायचं. त्या आठवड्याने आमचे डोळे उघडले. पुढे दरवर्षी जमेल तेव्हा हा प्रयोग केला आणि त्यातून जे हाती लागलं ते खाली वारांप्रमाणे मांडतो आहोत.

आधी हे समजून घ्या

एवढ्याशा गावात एवढं सगळं कसं? कारण गाव विद्यापीठाचं आहे. खरं तर विद्यापीठांचं. वॉटर्लू विद्यापीठ १९५७ पासूनचं आणि आपल्या आयटीवाल्यांना माहीत असलेलं. त्याच्या जवळच विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठ आहे, त्याचा संगीत विभाग मोठा. संगीताच्या विद्यार्थ्याला पदवीसाठी लोकांसमोर वाजवून किंवा गाऊन दाखवावं लागतं, त्याला रिसायटल म्हणतात. आम्हा इंजिनिअरांची जशी फायनल इयरची व्हायवा, तशी ही त्यांची. फरक एवढाच की ती बंद खोलीत नसते. समोर श्रोते लागतात, आणि बहुतेक वेळा तिकीटही नसतं. नाट्य विभागाचंही तसंच. म्हणजे इथे श्रोता हा पाहुणा नाही, शिक्षणाचा भाग आहे.

आपल्याला हे नवीन नाही. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, आणि भरत नाट्य मंदिरात आरडाओरडा करून ज्यांनी घसा बसवून घेतला त्यांना वेगळं सांगायला नको की पुण्याचा प्रेक्षक कॉलेजातच घडतो. आम्ही स्वतः बॅकस्टेजला वायरी ओढल्या आहेत. तरीही इथे आल्यावर हे सुचलं नाही, हे विशेष!

सोमवार: कॅलेंडरचा दिवस

सोमवारी बाहेर पडू नका, कॉम्प्युटरसमोर बसा. दोन्ही विद्यापीठांची कार्यक्रम-पत्रिका, सिटीची पत्रिका आणि पेरिमीटर इन्स्टिट्यूटची पत्रिका बघून आठवडा आखा. पेरिमीटर ही भौतिकशास्त्राची संशोधन संस्था, ब्लॅकबेरीवाल्या माइक लाझारिडिस यांच्या देणगीतून १९९९ मध्ये सुरू झालेली. तिथली सार्वजनिक व्याख्याने फुकट असतात, पण तिकिटं आधी काढावी लागतात आणि ती बघता बघता संपतात. तत्काळ रिझर्व्हेशनची सवय इथे कामाला येते!

मंगळवार: सिनेमा

प्रिन्सेस हे १९८५ मध्ये सुरू झालेलं छोटं चित्रपटगृह. मल्टिप्लेक्समध्ये न लागणारे परदेशी सिनेमे, माहितीपट, जुने क्लासिक्स इथे लागतात. पुण्यात फिल्म आर्काइव्हला चकरा मारणाऱ्यांना इथे अगदी घरच्यासारखं वाटेल. प्रेक्षकांत निम्मे विद्यार्थी आणि निम्मे पांढऱ्या केसांचे. मधल्या वयाचे, म्हणजे आपल्यासारखे, कमी. ते सगळे बहुधा मुलांना हॉकीला सोडायला गेलेले असतात.

बुधवार आणि गुरुवार: दुपारची मैफल

आई-बाबा भारतातून आले की पहिला महिना नायगारा आणि सीएन टॉवरमध्ये जातो. पुढचे पाच महिने काय? आपण ऑफिसात, मुलं शाळेत, आणि ते दोघं खिडकीशी. हा प्रश्न कितीतरी घरांत आहे, पण त्यावर मोकळेपणाने कुणी बोलत नाही. आमच्या घरी त्यावर उत्तर निघालं ते या दोन दुपारी.

विद्यापीठाच्या आवारात कॉनरॅड ग्रेबेल हे मेनोनाइट पंथाचं कॉलेज आहे. सत्राच्या दिवसांत तिथल्या प्रार्थनागृहात बुधवारी दुपारी विनामूल्य मैफल असते. गुरुवारी दुपारी अशीच मैफल लॉरिएच्या मॉरीन फॉरेस्टर हॉलमध्ये. फॉरेस्टर या कॅनडाच्या नामवंत गायिका, काही काळ या विद्यापीठाच्या कुलपतीही होत्या. दोन्ही कार्यक्रम साधारण तासाभराचे. २०१९ पासून आयॉन ही ट्राम सुरू झाली आहे आणि दोन्ही विद्यापीठांच्या जवळ तिची स्टेशनं आहेत. त्यामुळे गाडी न चालवणाऱ्या आई-बाबांनाही मुलावर किंवा सुनेवर अवलंबून राहावं लागत नाही.

बाबा सवाई गंधर्वचे जुने वारकरी. "हे इंग्रजी संगीत मला काय कळणार?" म्हणत गेले. सुरुवातीला वादक वाद्यं लावू लागले तसे आईच्या कानात म्हणाले, "तंबोरे जुळवतायत." आणि ते बरोबरच होतं! मोठ्या वाद्यवृंदात ओबो नावाचं सनईच्या कुळातलं वाद्य एक स्वर धरतं आणि बाकीचे सगळे त्याला मिळवून घेतात. आपल्याकडे षड्जाला जसं जुळवतात, तसंच.

पुढे मात्र घोटाळा झाला. चेलो वाजवणाऱ्या मुलीने एक संथ भाग संपवला आणि त्या शांततेत बाबांनी खणखणीत "वा!" दिली. हॉलमधली सगळी डोकी मागे वळली. वाजवणारी मुलगी मात्र गोड हसली. कार्यक्रम संपल्यावर बाहेर येऊन तिने बाबांचे आभार मानले. बाबा आठवडाभर हवेत!

तेव्हा नव्या मंडळींसाठी चार नियम सांगून ठेवतो. एका रचनेत तीन-चार भाग असतात, टाळ्या सगळे भाग संपल्यावर. बाकीचे वाजवेपर्यंत आपण थांबलं की झालं. मध्येच दाद देण्याची पद्धत नाही. उशीर झाला तर दोन रचनांच्या मधे आत सोडतात, तेव्हा "इंडियन टाइम" नको. आणि लहान मूल असेल तर दाराजवळची खुर्ची धरावी.

शुक्रवार: रिकामी खुर्ची

किचनरच्या सेंटर इन द स्क्वेअर या १९८० मध्ये उघडलेल्या नाट्यगृहात सुमारे दोन हजार प्रेक्षक बसतात. त्याच इमारतीत किचनर-वॉटर्लू आर्ट गॅलरी आहे, प्रवेश मोफत. त्या पहिल्या आठवड्यात आमचा शुक्रवार सिम्फनीसाठी ठेवला असता, पण सिम्फनीच नव्हती. आम्ही फक्त गॅलरी बघून परत आलो.

पण गोष्ट तिथे संपली नाही. बेकार झालेल्या वादकांनी स्वतःच एकत्र येऊन कार्यक्रम केले. लोकांनी वर्गणी काढली. २०२४ मध्ये दिवाळखोरी रद्द झाली आणि वाद्यवृंद पुन्हा उभा राहिला. त्यानंतर आम्ही पहिल्यांदा तिकिटं काढली. कन्या आमच्या दोघांच्या मधे बसली होती. वादक मंचावर आले तेव्हा वाजवण्याआधीच लोक टाळ्या वाजवत होते. आमच्याही डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करतो.

नाटक कंपनी असो की वाद्यवृंद, ती बंद पडण्यामागे पैशाची गणितं बरीच असतात. ती सगळी आपल्या हातात नाहीत. आपल्या हातात एकच खुर्ची असते, आणि ती आम्ही सात वर्षं रिकामी ठेवली होती.

शनिवार: विद्यार्थ्यांचं नाटक

वॉटर्लू विद्यापीठात थिएटर ऑफ द आर्ट्स हे १९६०च्या दशकातलं छोटं नाट्यगृह आहे. विद्यार्थ्यांचे प्रयोग इथे होतात. नट कधी वाक्य विसरतात, प्रकाशयोजना कधी चुकते, पण जीव ओतलेला असतो. तिकीटही खिशाला परवडणारं. दुपारी मुलांना घेऊन अपटाऊनमधल्या क्ले अँड ग्लास गॅलरीत जा. माती आणि काच यांसारख्या माध्यमांना वाहिलेली ही गॅलरी १९९३ पासून इथे आहे. कुंभाराच्या चाकाची आठवण असलेले आजी-आजोबा तिथे नातवंडांना बरंच काही सांगू शकतात.

रविवार: आपल्यासारखेच आलेले लोक

किचनरचं नाव १९१६ पर्यंत बर्लिन होतं, हे आम्हालाही आधी माहीत नव्हतं. पहिल्या महायुद्धात ते बदललं. इथे आलेल्या जर्मन लोकांनी १८७३ मध्ये कॉन्कॉर्डिया क्लब काढला. गाण्यासाठी, नाचासाठी, आपली भाषा बोलण्यासाठी. म्हणजे आपलं मंडळच की! १९६९ पासून इथे होणाऱ्या ऑक्टोबरफेस्टमध्ये आज सगळं गाव नाचतं. आपल्या गणपतीला असं सगळं गाव यावं असं वाटत असेल, तर आपणही त्यांच्या दारात कधीतरी जायला हवं, नाही का?

उन्हाळ्यात किंवा शरद ऋतूत आठवडा आखलात तर नियम मोडून रविवारी स्ट्रॅटफर्डला जा, सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. रेल्वे इंजिनं दुरुस्त करणारं हे गाव. त्या कारखान्याचं भवितव्य डळमळू लागलं तेव्हा टॉम पॅटर्सन या गावच्या पत्रकाराने शेक्सपिअरच्या नाटकांचा महोत्सव करायची कल्पना काढली. जुलै १९५३ मध्ये एका भल्यामोठ्या तंबूत अ‍ॅलेक गिनेस यांना घेऊन 'रिचर्ड तिसरा' झालं. पक्कं नाट्यगृह १९५७ मध्ये आलं. हे ऐकून बाबा म्हणाले, "अरे, भीमसेनजींनी सवाई सुरू केला तोही १९५३ मध्येच!" हा योगायोग आम्हाला फार आवडला.

थोडं व्यवहाराचं

सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि जानेवारी ते मार्चअखेर हा खरा हंगाम. डिसेंबर आणि एप्रिलमध्ये परीक्षा असतात, तेव्हा विद्यार्थ्यांचे कार्यक्रम थंडावतात. रोज जाणं नोकरदारांना जमणार नाही, आम्हालाही जमत नाही. महिन्यातून दोन वेळा ठरवा. वेळा बदलत असतात, निघण्यापूर्वी एकदा तपासा.

आणि हे फक्त आमच्या गावापुरतं नाही. गेल्फला १९९४ मध्ये जॅझ फेस्टिव्हल सुरू झाला, त्याच्या संस्थापकांत तिथल्या विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक अजय हेबळे होते. किंग्स्टनला क्वीन्स विद्यापीठाचं इसाबेल बेडर सेंटर २०१४ पासून आहे. तुमच्या गावात विद्यापीठ असेल तर कुठेतरी एखादा विद्यार्थी आज संध्याकाळी पहिल्यांदा मंचावर जाणार आहे आणि हॉल अर्धा रिकामा आहे, असं खुशाल समजा.

आता कुणी विचारलं, "वॉटर्लूला करमतं का?" तर आम्ही एवढंच म्हणतो, "शुक्रवारी या. तुमचंही तिकीट काढून ठेवतो."