मोटारीतील वातानुकूलन यंत्रणेचे विद्युत दोष : निदान व दुरुस्ती

सारांश :
मोटारीतील वातानुकूलन बंद पडले की 'गॅस संपला' असे अनुमान काढून तो पुन्हा भरण्याचा प्रघात सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात कॉम्प्रेसर न चालण्याचे कारण पुष्कळदा विद्युत परिपथात असते. प्रस्तुत लेखात या परिपथाची रचना, मापनावर आधारलेला निदानक्रम आणि दुरुस्तीची तत्त्वे विशद केली आहेत. एकामागून एक भाग बदलत जाणे म्हणजे निदान नव्हे, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : वातानुकूलन, विद्युतचुंबकीय क्लच, रिले, दाब-स्विच, विद्युतदाबातील घट, निदान.

प्रस्तावना :
मोटारीतील वातानुकूलन ही केवळ चैनीची बाब मानण्याचा काळ मागे पडला आहे. भारतात मध्यम व अवजड मालमोटारींच्या चालककक्षातही २०२५ सालापासून नव्या वाहनांसाठी वातानुकूलन अनिवार्य झाले आहे. यंत्रणा जितकी सार्वत्रिक होत आहे, तितका तिच्या दुरुस्तीचा प्रश्नही व्यापक होत आहे.

चुकीच्या निदानाची किंमत केवळ वाहनमालकाच्या खिशापुरती मर्यादित नसते. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोन थरास हानिकारक ठरलेला आर-१२ हा प्रशीतक वायू मागे पडून १९९० च्या दशकात मोटारींमध्ये आर-१३४ए रूढ झाला. हा वायू ओझोनचा नाश करीत नाही. परंतु शंभर वर्षांच्या कालावधीत त्याची तापनक्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट मानली जाते. म्हणजे लहान मोटारीतील अर्धा किलो वायू हवेत सोडला, तर त्याचा परिणाम सुमारे ७१५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. अशा वायूंचा वापर घटविण्यासाठी २०१६ मध्ये झालेल्या किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. असे असताना एका सैल जोडणीपायी संपूर्ण वायू मोकळा सोडून नवा भरला जाणे, हे तंत्रज्ञानाचे नव्हे, तर विचारपद्धतीचे अपयश होय.

यंत्रणेची रचना :
कॉम्प्रेसर प्रशीतक वायू दाबतो. रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये त्याचा द्रव होतो. हा द्रव प्रसरण झडपेतून कूलिंग कॉइलमध्ये जाऊन बाष्परूप होताना आसनकक्षातील उष्णता शोषून घेतो. बहुसंख्य मोटारींत कॉम्प्रेसरला इंजिनाच्या पट्ट्यावरून गती मिळते. पट्ट्याची पुली इंजिन चालू असेतो फिरतच राहते. कॉम्प्रेसरचा दांडा तिला जोडण्याचे वा तिच्यापासून सोडविण्याचे काम विद्युतचुंबकीय क्लच करतो.

या क्लचपर्यंत वीज पोहोचविणारा परिपथ दोन भागांत विभागता येतो. पहिला शक्ती-परिपथ : बॅटरी, फ्यूज, रिलेचे संपर्क, क्लचची कॉइल आणि अर्थिंग. यातून साधारणतः ३ ते ४ अँपिअर विद्युतधारा वाहते. दुसरा नियंत्रण-परिपथ : वातानुकूलनाचे बटण, दाब-स्विच, कूलिंग कॉइलवरील थर्मिस्टर, इंजिनाचे नियंत्रण एकक आणि रिलेची स्वतःची कॉइल. यातील विद्युतधारा अत्यल्प असते.

नियंत्रण-परिपथातील प्रत्येक घटक जणू एक पहारेकरी आहे. वायूचा दाब सुमारे २ बारपेक्षा खाली गेला तर वंगणाअभावी कॉम्प्रेसरची झीज होऊ नये, आणि दाब ३० बारच्या आसपास गेला तर नळ्या फुटू नयेत, म्हणून दाब-स्विच परिपथ तोडतो. कूलिंग कॉइलचे तापमान शून्य अंशाजवळ आले की तिच्यावर बर्फ साचू नये म्हणून थर्मिस्टरच्या संकेतावरून क्लच सोडला जातो. म्हणून क्लच न लागणे म्हणजे दरवेळी बिघाड नव्हे. अनेकदा ती यंत्रणेने केलेली आत्मरक्षा असते. निदान करणाऱ्याने सर्वप्रथम हा भेद ओळखणे आवश्यक आहे.

निदानाचा क्रम :
१) निरीक्षण : हवा येते पण गार नाही, की हवाच येत नाही? दोष सततचा आहे, की तापल्यावर उद्भवणारा? बटण दाबल्यावर क्लचचा 'टक्' असा आवाज येतो का? या तीन प्रश्नांच्या उत्तरांनी शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते.

२) स्थिर दाब : इंजिन काही तास बंद ठेवून दाब मोजल्यास, ३० अंश सेल्सियस तापमानाला आर-१३४एचा दाब प्रति चौरस इंच सुमारे ९७ पौंड दिसावा. त्यापेक्षा बराच कमी दाब आढळल्यास गळती आहे आणि दाब-स्विच आपले कर्तव्यच करीत आहे. मात्र दाब योग्य दिसला, म्हणून वायूचे प्रमाणही योग्य आहे असे ठरत नाही. यंत्रणेत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी स्थिर दाब तेवढाच राहतो. प्रमाणाची खात्री वायू काढून वजन केल्यानेच होते.

३) परिपथाचे विभाजन : फ्यूज तपासून रिले काढावा आणि त्याच्या खाचेतील ३० व ८७ ही टोके फ्यूज असलेल्या वायरने क्षणभरच जोडावीत. क्लच लागला तर शक्ती-परिपथ निर्दोष असून दोष रिलेत किंवा नियंत्रण-परिपथात आहे. क्लच लागला नाही तर शोध शक्ती-परिपथापुरता उरतो. ही चाचणी दाब योग्य असल्याची खात्री झाल्यावरच करावी.

४) भारित अवस्थेतील मापन : शक्ती-परिपथात दोष असल्यास क्लचच्या कॉइलला प्रत्यक्षात किती विद्युतदाब मिळतो, हे मोजावे. या पायरीवरच सर्वाधिक चुका होतात.

मीटर कोठे फसवतो :
क्लचची जोडणी काढून वायरच्या टोकाशी मीटर लावला आणि १२.६ व्होल्ट दिसले, की 'सप्लाय ठीक आहे, कॉइल गेली' असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष सदोष आहे. मीटरचा अंतर्गत रोध कित्येक दशलक्ष ओहम असल्याने त्यातून जवळजवळ विद्युतधाराच वाहत नाही. त्यामुळे गंजलेल्या जोडणीतही दाब कमी झालेला दिसत नाही.

समजा, कॉइलचा रोध ३.६ ओहम आहे आणि गंजलेल्या जोडणीचा २ ओहम. जोडणी पूर्ववत केल्यावर विद्युतधारा ३.५ ऐवजी सुमारे २.२५ अँपिअर होईल. कॉइलवर केवळ ८.१ व्होल्ट पडतील आणि उरलेले ४.५ व्होल्ट जोडणीतच उष्णतारूपाने वाया जातील. म्हणून मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन अग्राशी आणि दुसरे कॉइलच्या पुरवठा टोकाशी ठेवून, कॉइलला वीज दिलेली असताना, वाटेत होणारी घट मोजावी. ती अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक नसावी. अर्थिंगच्या बाजूनेही असेच मापन करावे. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेच्या प्रदेशात जोडण्यांवर हिरवट थर चढत असल्याने तेथे या चाचणीचे महत्त्व अधिक आहे.

एक प्रातिनिधिक दोष :
मोटार सकाळी उत्तम गारवा देते. दुपारच्या रहदारीत अर्ध्या तासाने वातानुकूलन बंद पडते. इंजिन थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते. अशा वेळी गॅस भरणे हा सर्रास केला जाणारा उपाय असतो आणि तो अपयशी ठरतो.

बंद पडलेल्या क्षणी मापन केल्यास कॉइलला पूर्ण विद्युतदाब मिळत असून विद्युतधाराही वाहत असल्याचे दिसते; तरी क्लचची चकती पुलीला चिकटत नाही. कारण भौतिकशास्त्राच्या मूलभूत नियमांत आहे. तांब्याचा रोध प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल २५ वरून १०५ अंशांपर्यंत तापली, तर ३.६ ओहमचा रोध सुमारे ४.७ ओहम होतो आणि १३.५ व्होल्टला विद्युतधारा ३.७५ वरून २.८६ अँपिअरवर येते. चुंबकाचे आकर्षण ढोबळमानाने विद्युतधारेच्या वर्गाच्या समप्रमाणात असल्याने ते ५८ टक्क्यांवर उतरते. याच वेळी झिजेमुळे चकती व पुली यांतील फट ०.४ वरून ०.८ मिलिमीटर झालेली असेल, तर आकर्षण आणखी चौपटीने घटते. दोन्हींचा एकत्रित परिणाम म्हणजे मूळच्या सुमारे एकसप्तमांश बल. एकदा चिकटलेली चकती एवढ्या बलानेही टिकून राहते, कारण तेव्हा फट उरलेलीच नसते. परंतु थर्मिस्टरच्या संकेताने क्लच सुटला, की तापलेल्या अवस्थेत तो पुन्हा लागत नाही. म्हणूनच दोष सकाळी दिसत नाही.

यावर उपाय म्हणजे इंजिन बंद असताना फीलर गेजने फट मोजणे आणि चकतीमागील पातळ वॉशर कमी करून ती निर्मात्याने दिलेल्या मापात आणणे. हे माप बहुधा ०.३ ते ०.६ मिलिमीटरच्या दरम्यान असते. चकती फार झिजली असल्यास ती बदलावी. वायूला हात लावण्याचे यात काहीच कारण नाही. उलट, योग्य प्रमाण असताना आणखी वायू भरल्यास दाब वाढतो आणि दुबळ्या क्लचवरील भार अधिकच वाढतो.

इतर नेहमीचे दोष :
(अ) ब्लोअर केवळ सर्वोच्च गतीवरच चालतो : जुन्या पद्धतीच्या यंत्रणेत कमी गतीसाठीचा रेझिस्टर जळालेला असतो; सर्वोच्च गतीला वीज त्याला वगळून जाते.
(आ) मोटार धावताना गारवा मिळतो, थांबली की नाहीसा होतो : कंडेन्सरचा पंखा, त्याचा रिले वा वायर तपासावी.
(इ) क्लचचा फ्यूज वारंवार उडतो : कॉइल शॉर्ट झालेली असते, वायरचे आवरण घासून ती धातूला टेकलेली असते, किंवा कॉइलसमांतर असलेला डायोड निकामी झालेला असतो.

दुरुस्ती व सुरक्षितता :
गंजलेली जोडणी केवळ पुसून न ठेवता तिचे टोक बदलावे आणि जलरोधक आवरण पूर्ववत करावे. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज घालू नये; त्यामुळे दोष फ्यूजकडून वायरकडे सरकतो आणि आगीचा धोका निर्माण होतो. दाब-स्विचची टोके जोडून 'गाडी चालती करणे' हा सर्वांत घातक मार्ग होय. डॅशबोर्डखालील पिवळ्या जोडण्या एअरबॅगच्या असू शकतात. त्यांवर चाचणीचा दिवा लावू नये. विद्युत मोटारींत आणि अनेक संकरित मोटारींत कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो. त्याच्या नारिंगी वायरींना विशेष प्रशिक्षण व साधने यांविना हात लावणे जीवघेणे ठरू शकते.

समारोप :
वातानुकूलनाच्या विद्युत दोषांचे निदान म्हणजे लक्षण, अनुमान, चाचणी आणि निष्कर्ष या वैज्ञानिक पद्धतीचेच उपयोजन आहे. ओहमचा नियम, रोधावरील तापमानाचा परिणाम आणि विद्युतचुंबक हे घटक वर्गात शिकविले जातात. परंतु गॅरेजमधील निर्णयांशी त्यांचा संबंध क्वचितच जोडला जातो. एक जुना क्लच, एक रिले आणि साधा मल्टिमीटर एवढ्या सामग्रीवर महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हा संबंध दाखविता येईल. मोजल्याशिवाय बदलू नये, आणि वीज वाहत असतानाच मोजावे, ही दोन सूत्रे अंगी बाणली, तर मालकाचा पैसा, कारागिराची विश्वासार्हता आणि वातावरण या तिन्हींचे रक्षण होईल.