तळपायावरचा डाग आणि तरुण वय

पोलोग्राउंड म्हटलं की वीज कंपनीचं मुख्यालय आणि कारखान्यांची जुनी वसाहत आठवते. आपल्यातल्या अनेक घरांतली मुलं तिथे कामाला जातात. दिवसभर पायात जाड बूट, तळपायाकडे बघायला वेळ कुणाला? म्हणूनच हा विषय.

त्वचेचा कर्करोग म्हणजे गोऱ्या लोकांचा, उन्हाने होणारा आजार, असा आपला समज असतो. भारतात तो कमी आढळतो हे खरं. पण त्यातला घातक प्रकार, मेलानोमा, आपल्यासारख्या सावळ्या लोकांना बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. गायक बॉब मार्ले यांना तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला. १९७७ मध्ये निदान झालं आणि १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले.

वेळीच सापडला तर बहुतेकदा शस्त्रक्रियेने भागतं. पण विशी-पंचविशीतल्या मुलामुलींची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. व्रण दिसेल का, लंगडत चालावं लागेल का, नोकरी टिकेल का, लग्नाचं काय? त्वचारोगाचा जगण्यावर किती परिणाम होतो हे मोजायला १९९४ मध्ये कार्डिफच्या डॉक्टरांनी दहा प्रश्नांची एक यादी केली. त्यात लाज, कपडे, खेळ, अभ्यास, मित्र असे साधे प्रश्न आहेत. उत्तरांचे गुण ० ते ३०. गुण जितके जास्त, तितकं जगणं अवघड. म्हणजे डाग केवढा आहे एवढं बघून भागत नाही, त्यामुळे काय काय सुटलं तेही विचारावं लागतं.

व्यवहाराच्या बाजूनेही काही गोष्टी माहीत असाव्यात. उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ आहे. सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईला टाटा हॉस्पिटलला जाणाऱ्यांनी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र आधीच घ्यावं. आरोग्य विमा निरोगी असतानाच काढावा आणि आजार कधीही लपवू नये. १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा झाला आहे. लपवलेला आजार मात्र नेमका दाव्याच्या वेळी आडवा येतो.

विम्याच्या अर्जावर खरं लिहायचं, तसंच घरातही खरं बोलायचं. आपल्याकडे मुलीचं किंवा मुलाचं लग्न जमेपर्यंत आजाराची कुजबुजही होऊ देत नाहीत. कर्करोग संसर्गजन्य नाही. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने तो होत नाही. तरी गणेशोत्सवाच्या पंगतीत कुणाच्या पायाच्या पट्टीकडे टक लावून बघणारे आपणच असतो. त्या मुलाला बरं व्हायला डॉक्टर मदत करतील. पुन्हा आपल्यात बसायला मदत आपणच करायची आहे.

आज रात्री पाय धुताना तळवे आणि नखं एकदा बघा. तीळ वाढतोय, रंग बदलतोय, नखाखालची काळी रेघ रुंदावतेय किंवा जखम काही आठवडे भरत नाहीये, असं दिसलं तर घरच्या घरी कापू-जाळू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.