कढईत उरलेले तेल

सुरतेजवळच्या डुमस किनाऱ्यावरची टोमॅटोची भजी प्रसिद्ध आहेत. भजी खाऊ नका, असे आमचे म्हणणे नाही. ती तळून झाल्यावर कढईत जे तेल उरते, त्याविषयी गृहिणींना चार शब्द सांगायचे आहेत.

तळताना तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सियसपर्यंत तापते. तेव्हा तीन गोष्टी घडतात. भज्यातील पाण्याने तेलाचे घटक फुटतात व त्यांतून आम्ले सुटतात. म्हणून असे तेल पुढच्या खेपेस लवकर धुरते. हवेतील प्राणवायूमुळे ते खवट होते. काही घटक एकमेकांस चिकटून तेल दाट बनते. कढईच्या काठावर बसलेला, घासूनही न निघणारा चिकट पिवळा थर तो हाच.

सर्व तेले सारखी टिकत नाहीत. गुजरातेत फरसाणासाठी सरकीचे तेल पुष्कळ वापरतात. ते शेंगदाणा तेलापेक्षा लवकर बिघडते. चंदनी पडव्याच्या सुरती घारीवर ज्याचा थर देतात, ते तूप याहून अधिक टिकते. तरी तेही बेतानेच खावे.

वारंवार तापवलेल्या तेलाने रक्तदाब, रक्तवाहिन्या व यकृताचे विकार होण्याचा धोका असतो. म्हणून १ जुलै २०१८ पासून सरकारने नियम केला, की तेलातील असे बिघडलेले घटक २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाल्यास ते स्वयंपाकास वापरू नये. त्याच वर्षी असे तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल करण्याची 'रुको' योजनाही आली.

घरी मोजण्याचे यंत्र नसते. घाण्यावरून आणलेले घरच्या शेंगांचे तेल टाकून देणे जिवावर येते, हेही आम्ही जाणतो. म्हणून इतके करावे:

१. लहान कढई घ्यावी, तेल थोडेच ओतावे.
२. तेलातून धूर निघू देऊ नये.
३. उरलेले तेल गार झाल्यावर गाळून झाकून ठेवावे व एक-दोन दिवसांत फोडणीस संपवावे. पुन्हा तळणीस घेऊ नये.
४. जुन्या तेलात नवे तेल मिसळू नये.
५. काळे, दाट, फेसाळ किंवा खवट तेल मुलांना नको, तसे गुराढोरांच्या पेंडीतही नको. मोरीत न ओतता ते भुशात जिरवून टाकावे.

काटकसर करायची, ती तेल ओतताना करावी.