तेलविहीर आटल्यावर

समुद्रातील तेलविहीर आटली म्हणजे तिच्यावरील प्लॅटफॉर्मचे काय करावे? ‘काढून टाकावा’, असे आपण चटकन म्हणतो. उत्तर समुद्रातील ‘ब्रेंट स्पार’ ही तेलसाठ्याची प्रचंड तरंगती टाकी १९९५ साली अटलांटिकच्या तळाशी बुडवावयाचे ठरले, तेव्हा युरोपात असा गहजब उडाला की मालकांना बेत सोडावा लागला. टाकीतील तेलाचा विरोधकांनी दिलेला आकडा मात्र फुगलेला निघाला. त्यांनी जाहीर क्षमाही मागितली. १९९८ साली ईशान्य अटलांटिकच्या राष्ट्रांनी निकामी बांधकामे समुद्रात टाकण्यास वा सोडण्यास बंदी केली. अवजड पोलादी पाया व काँक्रीटचे सांगाडे यांपुरता अपवाद ठेवला.

गंमत अशी की, त्याच स्पारवर थंड पाण्यातील प्रवाळ वाढलेले आढळले! सांगाडा उचलला की ही वस्ती मरते. पायथ्याशी साचलेला, विहीर खणतानाचा तेलकट चुरा ढवळला जाऊन विष पुन्हा पाण्यात मिसळते. तसाच ठेवावा, तर पोलाद गंजते, कोळ्यांची जाळी अडकतात.

म्हणून आम्ही म्हणतो, आधी तळाचे चोख मोजमाप, मग निर्णय. १९७४ साली तेल लागलेल्या मुंबई हायपुढेही हा प्रश्न उभा राहणारच आहे.